वर्षाला पंधरा दिवस

निमंत्रण पंधरा मिनिटांचं होतं. मंगळवारी सकाळी अकरा ते सव्वाअकरा. विषयाच्या जागी नुसतं 'क्विक कनेक्ट'. पाठवणारा तिचा मॅनेजर. पण बोलावलेल्यांच्या यादीत एचआरमधल्या एका बाईंचं नाव होतं, आणि तेवढ्यावरून तिला कळलं.

"अगं, मॅनेजर एकटा असला तर काहीतरी काम असतं. एचआर सोबत असली की आपलंच काम झालेलं असतं," मुलुंडच्या तिच्या स्वयंपाकघरात भेंडी चिरता चिरता ती सांगत होती. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण. अंधेरीच्या एका आयटी कंपनीत चौदा वर्षं काढलेली. अकरा वाजून नऊ मिनिटांनी कॉल संपला. "सहा मिनिटं उरली होती गं. मी कॅमेरा बंद करून तशीच बसून राहिले. म्हटलं, मीटिंगची वेळ तर संपू दे."

तिचं नाव इथे येणार नाही. या लेखात भेटलेल्या कोणाचंच येणार नाही; ती सगळ्यांचीच अट होती. कोणाचं 'फुल अँड फायनल' अडकलेलं आहे, कोणाला जुन्या साहेबाचा चांगला शब्द अजून लागणार आहे, आणि एका काकांनी तर "सुनेच्या माहेरी अजून सांगितलेलं नाही" एवढंच कारण दिलं.

संपादकांचा फोन आला तेव्हा अंकाचा विषय ठरला होता : निष्ठा. "तुम्ही नोकरीवर लिहा," ते म्हणाले. "उद्या नोकरी राहील की नाही ठाऊक नसताना माणसं रोज उठून मनापासून काम कशी करतात?" मी म्हटलं, करतात असं तुम्हाला सांगितलं कोणी? "मग तेच बघून या," म्हणाले आणि फोन ठेवला.

म्हणून भर पावसात उपनगरं फिरले. मुलुंडहून कुर्ल्यापर्यंत बसने, घाटकोपरहून अंधेरीला मेट्रोने, आणि एका रविवारी बोरिवलीला. काढून टाकण्याला मराठीत 'नारळ देणं' असा शब्दप्रयोग आहे. निरोपाच्या वेळी हातात नारळ ठेवायची आपली पद्धत, तिच्यातूनच तो आला असणार. आता नारळही मिळत नाही. कुरिअरवाला रिकामा खोका घेऊन येतो. त्यात लॅपटॉप, चार्जर आणि गळ्यातला पट्टा घालून द्यायचा आणि त्याच्या मोबाइलवर बोटाने सही करायची.

मुलगा परमनंट आहे

लालबहादूर शास्त्री मार्गावर आता खिडकीतून टॉवर दिसतात, मोटारींच्या शोरूम दिसतात आणि मेट्रोचे खांब. माझ्या लहानपणी हा रस्ता कारखान्यांच्या नावांनी ओळखला जायचा. कुर्ल्याला प्रीमियर, मुकंद, कमानी, विक्रोळीला गोदरेज, कांजूर-भांडुपला क्रॉम्प्टन, जीकेडब्ल्यू, सिएट, मुलुंडला रिचर्डसन क्रुडास, जॉन्सन, होक्स्ट. काही अजून आहेत, बरेचसे नाहीत. आमच्या चाळीत भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायची राहिली तरी चालायचं, भोंगा चुकत नसे.

या रस्त्यावर नोकरदारांचे दोनच प्रकार होते, परमनंट आणि टेंपररी. 'परमनंट' हा इंग्रजी शब्द मराठी लग्नाच्या बोलणीत इतका मुरला होता की 'मुलगा परमनंट आहे' म्हटल्यावर पुढचा प्रश्न थेट मुहूर्ताचा यायचा. टेंपररीच्या वाट्याला 'ब्रेक'. महाराष्ट्रातल्या कारखान्यांना लागू असलेल्या आदर्श स्थायी आदेशांत, २४० दिवस अखंड सेवा झालेल्या टेंपररी कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. ती चुकवायची तर दोनशे चाळिसावा दिवस उगवूच द्यायचा नाही. सात-साडेसात महिने झाले की ब्रेक, पंधरा-वीस दिवस घरी, मग नव्या तारखेने पुन्हा गेटवर. १९७१च्या महाराष्ट्राच्या कायद्याने, कायमपणाचे लाभ नाकारण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षं असं टेंपररी ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. तरी ब्रेक द्यायचेच. लोक युनियनकडे जायचे, कोर्टात जायचे, काही जण जिंकायचेही.

आमचे बाबा भांडुपच्या एका कारखान्यात लेथवर होते. चार ब्रेक खाऊन परमनंट झाले, त्या संध्याकाळी घरी पेढे आले ते मला आठवतात. माझ्या दहावीच्या निकालाला आले त्यापेक्षा मोठा पुडा होता. 'निष्ठा' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्यांच्या बोलण्यात पतपेढी असायची, ईएसआयचं कार्ड असायचं, कँटीनची थाळी, दिवाळीचा बोनस. बोनसचा १९६५चा कायदा किमान ८.३३ टक्के द्या म्हणायचा, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एक महिन्याचा पगार. मालकाने त्याहून जास्त द्यावा म्हणून दर सप्टेंबरला गेटवर सभा. हे सगळं मिळत होतं म्हणून ते तापातही पहिल्या पाळीला जायचे. तो व्यवहार होता, आणि दोन्ही बाजूंना तो ठाऊक होता. उपनगरांतल्या इंजिनिअरिंग कारखान्यांत कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे हजारो माणसं उभी राहिली, तीही परमनंटच होती. मालकाशी भांडणारा माणूस निष्ठावान नसतो, हा समज त्या गेटवर कोणी ऐकून घेतला नसता. सामंतांची हत्या १६ जानेवारी १९९७ला पवईत झाली. त्या दिवशी आमच्याकडे चूल उशिरा पेटली.

त्यानंतर दोनेक वर्षांत बाबांच्या कारखान्यात व्हीआरएसची नोटीस लागली. स्वेच्छानिवृत्ती! त्यातली स्वेच्छा कोणाची, हा प्रश्न तेव्हा या सबंध रस्त्याला पडलेला होता. शेवटच्या दिवशी बाबा नेहमीपेक्षा तासभर उशिरा आले. त्यांनी लेथ पुसून, तेल घालून, वर फडकं टाकलं होतं आणि एक चिठ्ठी चिकटवली होती : क्रॉस स्लाइडचा स्क्रू अर्धा आटा ढिला आहे, माप घेताना धरून चालणे. आई वैतागली. "कारखाना बंद होतोय. चिठ्ठी कोणाला लिहिलीत, भंगारवाल्याला?"

"कोणीतरी हात लावणारच ना त्याला," बाबा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

कमानीचा स्टॉप

कुर्ला पश्चिमेला बसस्टॉपचं नाव अजून 'कमानी' आहे. स्टॉपवर उभ्या असलेल्या कॉलेजच्या चार पोरांना विचारलं, कमानी म्हणजे काय? एक म्हणाला, इथे पूर्वी कमान असेल.

कमानी ट्यूब्ज हा तांब्या-पितळेच्या नळ्या बनवणारा कारखाना. मालक कुटुंबातल्या भांडणात तो खिळखिळा झाला आणि १९८५ साली बंद पडला. कामगारांचे पगार थकलेले, बँकांची कर्जं थकलेली. अशा वेळी काय होतं ते ठरलेलं असतं : काही वर्षं गेटवर मंडप, मग कोर्ट, मग जमिनीचा भाव. इथे वेगळं झालं. डी. थंकप्पन यांच्या नेतृत्वाखालच्या कमानी एम्प्लॉईज युनियनने कारखाना कामगारांनीच सहकारी पद्धतीने चालवायची योजना मांडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९८८मध्ये आजारी उद्योगांसाठी नेमलेल्या मंडळाने, बीआयएफआरने, योजना मंजूर केली. कामगारांनी आपल्या भविष्यनिर्वाह निधीतले पैसे भांडवल म्हणून घातले, पगारात कपात पत्करली. १९८९मध्ये यंत्रं पुन्हा सुरू झाली.

मी या गोष्टीपाशी थोडी जास्त रेंगाळते, कारण निष्ठेच्या गोष्टीत सहसा मालक असतो आणि नोकर असतो. इथे मालक निघून गेला होता. तरी माणसं आपल्या म्हातारपणाचे पैसे त्या भट्टीत घालायला तयार झाली. कशासाठी? नोकरी हवी होती हे खरंच. पण नळी कशी ओढायची हे आपल्याला येतं, मालकाला येत नव्हतं, ही ठाम खात्रीही त्यात होती. सुरुवातीची वर्षं बरी गेली. पुढे खेळतं भांडवल अपुरं पडलं, आपसात मतभेद झाले, कच्च्या मालाचे भाव आणि बाजार दोन्ही फिरले. नव्वदचं दशक सरेपर्यंत तो प्रयोगही विझला. पराभवच म्हणायचा. पण 'आपल्याला काय त्याचं' असं म्हणायची सोय असताना न म्हटल्यामुळे झालेला पराभव.

बस आली. पोरं चढली. कंडक्टरने 'कमानी, कमानी' म्हणून आरोळी दिली.

हिशेब

घाटकोपर पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एक वकील बसतात. सत्तरी उलटलेली, चाळीस वर्षं कामगार न्यायालयात. टेबलावर काच, काचेखाली देवाचे फोटो आणि लोकलचं जुनं टाइमटेबल. पूर्वी त्यांच्याकडे युनियनची माणसं गटाने यायची. आता एकेकटी येतात, संध्याकाळी, आयटीतली, बँकेतली, आणि खुर्चीत बसण्याआधी दार लोटून घेतात.

"पहिली गोष्ट, शब्द नीट वापरा," त्यांनी मलाच सुनावलं. "तुम्ही पेपरवाले लेऑफ लेऑफ करता. कायद्यात ले-ऑफ म्हणजे काढणं नव्हे. कच्चा माल नाही, वीज नाही, म्हणून तात्पुरतं बसवणं. हजेरीपटावर नाव राहतं, निम्मा पगार भरपाई मिळते. कायमचं काढलं तर ते रिट्रेंचमेंट."

मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. काढायचं असेल तर एक महिन्याची नोटीस, किंवा तेवढा पगार. आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. हे १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलेलं. ग्रॅच्युइटी वेगळी, १९७२च्या कायद्यापासूनची : पाच वर्षं झाली की दर वर्षामागे पुन्हा पंधरा दिवस, आणि तिथे महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. "समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६ हजार. भागिले २६, एक हजार रोज. गुणिले पंधरा. वीस वर्षं झाली असतील तर तीन लाख." त्यांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत कपात झालेल्या माणसाला नवं कौशल्य शिकायला म्हणून मालकाने निधीत पैसे भरायचे आहेत. किती? वकिलांनी मान वर न करता पेन्सिलीने लिहिलं : १५ दिवसांचा पगार. हा मात्र एकदाच, दर वर्षामागे नाही.

मला तो आकडा सोडेना. निष्ठेवर इतकं लिहिलं-बोललं जातं, आणि कायद्याने मात्र तिचा भाव शांतपणे ठरवून ठेवला आहे. वर्षाला पंधरा दिवस.

"तोही सगळ्यांना नाही," ते म्हणाले. हा भाव 'कामगारा'ला. मॅनेजर त्यात येत नाही. देखरेखीचं काम करणारा असेल तर पगाराची मर्यादा आहे, आधी महिना १० हजार, आता १८ हजार. कोर्ट हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय होतं ते बघतं, पण तिथपर्यंत जायला धीर लागतो. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागायची. ती रेघ आता तीनशेवर गेली.

"आणि खरी मेख इथे आहे." त्यांनी कागद उलटला. कायद्याचा साधा नियम असा की शेवटी आलेला आधी जातो. जुन्याला राखायचं. पुन्हा भरती केली तर काढलेल्यांना आधी विचारायचं. "आता उलटं झालंय. जुना महाग, म्हणून जुना आधी. कायद्यात हे बसवायचं कसं? सोपं आहे, माणसाकडूनच राजीनामा घ्यायचा. दिलात तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ, दोन महिन्यांचा पगार हातात. नाही दिलात तर 'परफॉर्मन्स' म्हणून काढू, पुढे नोकरी शोधताना सांगा मग काय ते. राजीनामा दिला की ती कपातच नाही. पंधरा दिवसही नाहीत."

मी विचारलं, तुमच्याकडे येणारे लढतात का? "दहातले नऊ जण फक्त एवढंच विचारायला येतात, की माझं काही चुकलं होतं का?"

उभं विमान

१५ ऑक्टोबर २००८. दिवाळी दोन आठवड्यांवर आलेली. जेट एअरवेजने केबिन क्रूमधल्या सुमारे ८०० जणांना काढलं. एकूण आकडा १९००च्या घरात जाणार होता. युनिफॉर्ममधली विशी-बाविशीची पोरं-पोरी विमानतळाबाहेर रडताना साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली. त्यांतली काही राज ठाकरेंकडे गेली, त्यांनी मुंबईतून जेटची विमानं उडू न देण्याचा इशारा दिला. दुसऱ्या दिवशी जेटचे अध्यक्ष नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत बोलावलं. दबावामुळे नव्हे, मनाला पटलं नाही म्हणून, असं त्यांनी सांगितलं. कारण काहीही असो, हाक परत आली.

१७ एप्रिल २०१९ला तशी हाक आली नाही. अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान शेवटचं ठरलं. महिन्यामहिन्यांचे पगार थकलेले असतानाही माणसं कामावर येत होती. मग युनिफॉर्म घालून अंधेरीत सहार रोडच्या सिरोया सेंटरसमोर, कंपनीच्या मुख्यालयाबाहेर, जमू लागली. पुढचा प्रवास कोर्टकचेरीचा. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या, हा २०२२चा न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये कायम केला. ७ नोव्हेंबर २०२४ला त्याच न्यायालयाने कंपनीच मोडीत काढायचा निर्णय दिला. पुन्हा कंपनी उभी राहील या आशेवर काहींनी साडेपाच वर्षं काढली होती.

मरोळला मला एक विमान-तंत्रज्ञ भेटले. एका बंद पडलेल्या विमान कंपनीचे. कोणत्या, ते लिहू नका म्हणाले, आणि मुंबईत अशा दोन तरी आहेत. पगार थांबल्यावरही ते दोन महिने जात राहिले होते. करत काय होतात, विचारलं.

"विमान उभं राहिलं की आजारी पडतं, ताई. उडतं तेव्हाच धड असतं." इंजिनाच्या तोंडाला झाकण घालायचं, नाहीतर पक्षी घरटं करतात. बारीक नळ्यांची भोकं पट्टी लावून बुजवायची, गांधीलमाशी त्यात माती भरते. आणि चाकं फिरवायची. एवढं वजन एकाच जागी उभं राहिलं तर टायर तळाशी चपटा होतो. म्हणून ठरावीक दिवसांनी विमान थोडं ओढून चाक थोडं फिरवायचं. "आम्ही चौघं होतो. चहा स्वतःच्या पैशाचा. बायको म्हणायची, कोणासाठी करताय? मी सांगायचो, हे विमान उद्या कोणीतरी विकत घेईल. त्यात माणसं बसतील. त्यांना थोडंच माहीत असणार की आमचा पगार झाला नव्हता?"

ते आता भिवंडीच्या एका गोदामात लिफ्ट ट्रकची देखभाल बघतात. थकबाकी आली का, हा प्रश्न मी विचारला नाही. त्यांनी आपणहून बोटाने हवेत शून्य काढलं आणि हसले.

घट

सीप्झच्या आत पासाशिवाय पाऊल टाकता येत नाही. अंधेरी पूर्वेचा हा निर्यात-विभाग १९७३चा, इलेक्ट्रॉनिक्ससाठी काढलेला. पुढे दागिन्यांचे कारखाने आले आणि आता त्याची ओळख सोन्या-हिऱ्यांची. माल निघतो तो मोठ्या प्रमाणावर अमेरिकेकडे. त्यामुळे ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा त्याचा पहिला धक्का जोगेश्वरी-मरोळच्या खोल्यांत बसला.

गेटबाहेरच्या टपरीवर पाळी सुटायच्या वेळी एक सेटर भेटले. मूळचे सिंधुदुर्गचे, या कामात बावीस वर्षं. मेणाचा साचा, ओतकाम, घासकाम, मग खडे बसवणं, मग पॉलिश. यातला मधला टप्पा यांचा. सूक्ष्मदर्शकाखाली वाकून, मोहरीहून लहान हिरा चार बारीक दात्यांत बसवायचा आणि दाते दाबून घ्यायचे. जास्त दाबला तर खडा तडकतो, कमी दाबला तर न्यूयॉर्कला कोणाच्या तरी अंगठीतून पडतो.

सकाळी माल वजन करून मिळतो, संध्याकाळी वजन करून परत. मधला फरक म्हणजे 'घट'. घटीला मर्यादा असते, ओलांडली तर जाब. म्हणून टेबलाखालच्या ट्रेमधला भुगा, केरसुणीचा केर, सगळं राखून ठेवतात. हात धुतलेलं पाणीसुद्धा गटारात सोडत नाहीत, गाळून त्यातलं सोनं काढतात. "इतका हिशेब. आणि माझ्या डोळ्यांचा नंबर दीडचा चार झाला, ती घट कोणाच्या वहीत?" ते चहा फुंकत म्हणाले.

त्या ऑगस्टनंतर त्यांच्या युनिटमध्ये आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग शनिवार बंद, मग शेजारची दोन टेबलं रिकामी. उद्या आपलं. तरी काम पूर्वीसारखंच होतं का? संपादकांचा प्रश्न मी अखेर जसाच्या तसा विचारला. त्यांना तो थोडा विचित्र वाटला असावा. "खराब कसं करणार? हात बसायला सहा वर्षं लागली. मुद्दाम वाकडं बसवायचं म्हटलं तरी आता जमणार नाही." मग थोडं थांबून, "उलट एक सांगू? मालकाचा राग असला ना, की मी जास्त सरळ बसवतो."

बोरिवलीचा मुलगा

सगळे असेच असतील असं मी धरून चालले होते, तर बोरिवलीला एका सव्वीस वर्षांच्या मुलाने मला जमिनीवर आणलं. पाच वर्षांत तिसरी नोकरी. भेटलो तो मॉल पूर्व द्रुतगती... चुकले, पश्चिम द्रुतगती मार्गालगतचा. मुलुंडकरणीच्या तोंडात पूर्वच बसलेलं असतं. ही पंचवीस एकर जागा २०१४मध्ये टाटा स्टीलने १,१५५ कोटींना विकली, त्याआधी इथे तारेचा कारखाना होता, असं मी त्याला उत्साहाने सांगितलं. "अच्छा," तो म्हणाला. "पार्किंग महाग आहे पण."

त्याचं म्हणणं स्वच्छ होतं. "मावशी, तुमच्या पिढीला कंपनीवर राग येतो, कारण तुम्ही काहीतरी अपेक्षा ठेवली होती. मी रुजू होतानाच सीव्ही अपडेट ठेवतो. नवीन काही शिकायला मिळतंय तोवर थांबायचं, नाहीतर पेपर टाकायचे." टाउनहॉलमध्ये साहेब 'आपण एक कुटुंब आहोत' म्हणाले की त्यांच्या टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी लगेच 'मग वाटणी कधी?' असं टाकतं. मला हसू आलं, आणि बाबांच्या गेटसभा आठवल्या. हा मुलगा बाबांपासून वाटतो तेवढा दूर नाही. व्यवहार त्यालाही कळतो. फरक एवढाच की बाबांच्या व्यवहाराला मागे चारशे माणसं होती, हा एकटाच घासाघीस करतो, आणि गृहकर्जाचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला जातो.

त्याने एक गोष्ट मात्र घाईघाईत, उठता उठता सांगितली. गेल्या कंपनीत टीममधल्या सहा जणांतले दोन जाणार हे कळल्यावर सहा जणांनी गुपचूप ठरवलं होतं की कोणीच कोणाची चूक ईमेलवर लिहायची नाही. जे काही असेल ते जेवताना तोंडी. "तीन महिने पाळलं. मग दोघं गेले. पण ते तीन महिने, खरं सांगतो, बेस्ट काम झालं होतं."

केटी

पुन्हा मुलुंड. टीसीएसने जुलै २०२५मध्ये सुमारे १२ हजार जणांना, म्हणजे दोन टक्के मनुष्यबळाला, कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या हुद्द्यांवरचे जास्त असतील असं सांगितलं गेलं. त्याच्या महिनाभर आधीच तिथे नियम आला होता : वर्षातले किमान २२५ दिवस ग्राहकाच्या बिलात दिसले पाहिजेत, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, जास्तीत जास्त ३५. माझी मैत्रीण दुसऱ्या कंपनीतली. पण मोठ्या घरात भांडं पडलं की शेजारी आवाज जातोच. तिच्याकडेही बेंचचे दिवस मोजणं सुरू झालं, आणि तो मंगळवार आला.

कॉलनंतर तिला तीस दिवस होते. त्यात एकच काम : केटी. नॉलेज ट्रान्सफर. चौदा वर्षांत डोक्यात साठलेलं सगळं, आपल्या जागी येणाऱ्या, आपल्या निम्म्या पगाराच्या मुलाला देऊन जायचं. यापेक्षा वाईट काम मला सुचत नाही. बरेच जण ते कसंबसं उरकतात. दोन स्लाइड, एक जुनी फाइल, झालं. चूक म्हणवत नाही.

"पहिले चार दिवस मीही काही केलं नाही," ती म्हणाली. "नुसती लॉग इन होऊन बसायचे. मग तो मुलगा एकदा फोनवर बोलता बोलता म्हणाला, मॅम, रात्रीची बॅच फेल झाली तर फोन कोणाला येतो? मी म्हटलं, तुलाच. तो गप्प झाला. धाराशिवचा आहे. अंधेरीला पीजीत राहतो, सहा जणांच्या खोलीत. मला माझं पहिलं वर्ष आठवलं. रात्री दोनला फोन वाजला की कशी थरथरायचे मी."

तिने एकशे बारा पानं लिहिली. मराठीत टिपा घालून, कारण त्याला तसं लवकर समजतं. कोणती बॅच महिनाअखेरीला रुसते, ग्राहकाकडचा कोणता माणूस नुसता ओरडतो आणि कोणाच्या ओरडण्याकडे लक्ष द्यायचं, कुठली एरर दिसली की घाबरायचं नाही. मी ती फाइल बघायला मागितली. "कंपनीची मालमत्ता आहे गं, लॅपटॉपबरोबर गेली," म्हणाली. मग भेंडी कढईत टाकताना, माझ्याकडे न बघता, "एवढी वर्षं केलं त्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. अप्रेझलमध्ये नाही आलं."

मी तिला बाबांची चिठ्ठी सांगितली. तिने गॅस बारीक केला. "क्रॉस स्लाइड म्हणजे काय?" तिने विचारलं. मला नीट सांगता येईना.

गेल्या दिवाळीत, ती कमी झाल्यावर दोन महिन्यांनी, तिच्या दारात कुरिअर आलं होतं. जुन्या कंपनीकडून, सुकामेव्याचा डबा. पत्त्यांची यादी ऑगस्टआधीची असणार. सोबत छापील कार्ड : आपल्या योगदानाबद्दल आभार, सहकुटुंब शुभेच्छा. मुलगी म्हणाली, परत पाठव. नवरा म्हणाला, ठेव, पाहुण्यांना होईल. दोन दिवस डबा फ्रिजवर तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी तिनेच उघडला.

"काय होतं?"

"काजू, बदाम, नेहमीचंच," ती म्हणाली. "काजू खारवलेले होते."

आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की आतून तिची सासू काय झालं म्हणून बघायला आली.